कुसुमबाईंना वाकायचं होतं

बातमी छापून आली की संपते. किस्से छापत कुणी नाही, म्हणून ते साठत जातात. जंगलजिल्ह्यांत मोटारसायकलवर वार्ताहरकी करण्यात माझं आयुष्य गेलं. डोक्यात किस्से साठले आणि कमरेत खड्डे. कमरेचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको असेल तर योगा करा."

आमच्या रस्त्यांचं ऑपरेशन करायला कोणी पुढे येत नाही, माझ्या कमरेवर मात्र लगेच सुरी! मी योग शोधायला निघालो. आपल्याला मानवणारा योग सापडणं हे आपल्याला मानवणारा संपादक सापडण्याइतकंच अवघड असतं. शेवटी ब्रह्मपुरीच्या समाजमंदिरातल्या क्लासात मी टिकलो. हे किस्से तिथले. पहिले दोन त्याआधीचे.

*

सुरुवात घरीच केली, मोबाईलवर. व्हिडिओतला माणूस अगदी मऊ आवाजात बोलायचा. "डोळे मिटा. तुम्ही समुद्रकिनारी आहात. गार वारा सुटला आहे."

मे महिना. ब्रह्मपुरीत फॅन चालू केला तर गरम हवाच खाली यायची. तरी मी डोळे मिटून समुद्र पाहायचा प्रयत्न करत होतो. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"समुद्रावर गेलेच आहात," ती म्हणाली, "तर येताना दोन बकेटा पाणी आणा. कूलर सुकला."

*

मग एका कामासाठी सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरला जुन्या मित्राकडे मुक्काम पडला. सकाळी त्याच्या गच्चीवर सतरंजी टाकली आणि म्हटलं, चल, प्राणायाम करू. त्यानं माझा हात धरला.

"थांब. आधी बनियान पाहू दे."

आदल्या संध्याकाळी दोरीवर वाळत घातलेली बनियान त्यानं जवळ जाऊन पाहिली. "पांढरी असली त श्वास घेतो आम्ही. आज राखडी झाली. आज फक्त सोडाचा."

या धुळीवर मी किती वेळा लिहिलं याचा हिशेब नाही. एकदा तर ती बातमी कापून निम्मी केली गेली, कारण पानावर जाहिरात आली होती. जाहिरात कशाची? प्राणायाम शिबिराची!

*

ब्रह्मपुरीच्या क्लासात वैशाली मॅडम शिकवतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण क्लासात आवाज त्यांचाच. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी आलात?

मी कंबर सांगितली. माझ्या शेजारी वासुदेवभाऊ होते, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. ते म्हणाले, "जिंदगीभर उभा राह्यलो जी. आता बसाचं कसं ते शिकवा."

त्यांच्या मागे, भिंतीला टेकून एक बाई बसल्या होत्या. कुसुमबाई. त्या म्हणाल्या, "मले वाकाचं हाय."

"कुठपर्यंत वाकायचं, बाई?"

"रोवणीपर्यंत."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. कुसुमबाई हसल्या नाहीत, म्हणून आम्ही थांबलो.

त्यांचं गाव जंगलाला लागून. यंदाच्या मोहाच्या दिवसांत त्या आणि त्यांची जाऊ झाडाखाली मोहफुलं वेचत होत्या. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतं, असं आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. वाघ मागून आला. त्यानं जावेला नेलं. कुसुमबाई हातभर अंतरावर होत्या.

तेव्हापासून त्यांना वाकता येईना. कंबर खाली गेली की मान झटक्यानं मागे वळायची आणि त्या उभ्या राहायच्या. ब्रह्मपुरीत मोबाईलच्या दुकानात काम करणारा मुलगा त्यांना इथे घेऊन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. रोवणी जमली नाही तर शेत ठेक्यानं देऊ, गावचं घर बंद करू, तू इथीच राह्य. कुसुमबाईंना आपल्या घरी राहायचं होतं, आपलं धान आपल्या हातानं रोवायचं होतं. आणि धानाची रोवणी होते ती वाकून, एकेक पाऊल मागे सरकत. डोळे चिखलात आणि पाठ जंगलाकडे.

डॉक्टरांनी मान तपासून सांगितलं होतं, मानेत काही नाही. मानेत कसं असेल? ते मोहाच्या झाडाखाली होतं.

*

क्लासात त्यांचं आणि मॅडमचं रोज थोडं थोडं जमत गेलं. भुजंगासन त्या पहिल्याच दिवशी करून मोकळ्या झाल्या. वासुदेवभाऊंनी विचारलं, "सापाचं भेव नाई वाटत का, बाई?"

"सापाचं काय जी, तो समोरून दिसते."

वक्रासनात तर त्यांच्यापुढे आम्ही सगळे नापास. बसून कंबर वळवायची आणि मागे पाहायचं. माझी मान जेमतेम खांद्यापर्यंत जायची. कुसुमबाई थेट मागच्या खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड पाहायच्या. क्लासात नव्यानं आलेल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "किती छान जमतं तुम्हाला. कुठे शिकलात?"

वैशाली मॅडमनी सगळ्यांना दुसऱ्या बाजूनं वळायला सांगितलं.

*

योगदिनाला एक साहेब आले. बरोबर फोटोग्राफर. साहेबांनी अर्धं पद्मासन घातलं, फोटो झाला, पाय मोकळे केले आणि भाषण सुरू झालं. "भीती मनात असते. भीती सोडा. निसर्गाशी एकरूप व्हा."

माझं डोकं सटकलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, उद्या सकाळी जंगलाच्या कडेला चला. तुम्ही वाका, मी फोटो काढतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर धुमसत उभा होतो, तेव्हा कुसुमबाई जवळ आल्या.

"जाऊ द्या, भाऊ. कायले भांडून राह्यले? त्यायच्या मागं गाडी उभी राह्यते. त्यायले काय ठाव?"

*

पुढे वाकायचं आसन मात्र अडून राहिलं. मॅडमनी युक्ती केली. कुसुमबाईंना भिंतीकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाल्या, मागे भिंत आहे, कुणी येत नाही, आता वाका.

कुसुमबाई वाकल्या. गुडघ्यापर्यंत, मग पावलांपर्यंत. मान वळली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या उभ्या राहिल्या आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही बरी हाय. पण बांधीत भिंत कुठून आनू, मॅडम?"

बांधी म्हणजे धानाचं खाचर. तिकडे धानाच्या रोपांचे पऱ्हे तयार झाले होते. ठेक्यानं शेत घेणारा माणूस मुलाला दोनदा भेटून गेला होता. मॅडमनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, उद्याचा क्लास कुसुमबाईंच्या शेतावर.

आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसलो. वासुदेवभाऊंनी सवयीनं सतरंजी बगलेत घेतली होती. ड्रायव्हर आरशातून पाहून म्हणाला, "सतरंजी घेऊन रोवणीले चाललात? झोपून रोवता का, काका?"

*

बांधीत गावच्या बाया ओळीनं उभ्या राहिल्या. मागे धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्यापलीकडे लगेच जंगल. मुलगा धुऱ्याच्या टोकाला हाताची घडी घालून उभा. त्यानं आईला शब्द दिला होता, ही एक बांधी पाहीन, मग ठरवीन.

कुसुमबाई वाकल्या. रोपांची एक चूड चिखलात खोचली. मान झटकन मागे गेली आणि त्या उभ्या राहिल्या. पुन्हा वाकल्या, पुन्हा उभ्या. शेजारच्या बाया सरकत मागे गेल्या. मग हळूच थांबल्या आणि उगाच पदर खोचत राहिल्या. मॅडम "श्वास, बाई, श्वास" म्हणत होत्या. मी काय करणार? भांडायला समोर कोणी नव्हतं.

तेवढ्यात वासुदेवभाऊंनी चपला काढल्या. धुऱ्यावर जाऊन कुसुमबाईंच्या बरोबर मागे ते उभे राहिले. तोंड जंगलाकडे, पाठ त्यांच्याकडे. चिखलात पावलांचा आवाज येतो तिकडे कान लावला आणि बस रिव्हर्स घेताना आयुष्यभर जसं ओरडले तसं ओरडायला लागले.

"येऊ द्या…"

कुसुमबाईंनी चूड खोचली. एक पाऊल मागे.

"येऊ द्या… येऊ द्या…"

आणखी एक पाऊल. आणखी एक चूड. मान खाली ती खालीच. बाया पुन्हा वाकल्या. मुलाची हाताची घडी सुटली. वासुदेवभाऊंना आता जोर चढला. स्टँडभर ऐकू जावा असा आवाज काढून, समोरच्या झाडीत पाहत ते ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…"

अर्धी बांधी झाली तेव्हा वाकल्या वाकल्याच, मागे न पाहता कुसुमबाई म्हणाल्या,

"वासुदेवभाऊ, जंगलाकडं तोंड करून 'येऊ द्या' नोका म्हनू जी. तो आयकन ना."