पोहे खाऊन मी बोलायला उभी राहिले

तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. काळजी काय, तर तिथं ओळखीचं कोणी भेटलं तर? आता ऐका गंमत. ओळखीचं कोणीच भेटलं नाही. भेटले ते सगळे अनोळखी, आणि त्यांच्यापुढे मी जे दिवे लावले ना, त्यापेक्षा ओळखीचे परवडले असते!

माझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं दारू सोडली त्याला तेव्हा एकवीस दिवस झाले होते. चाकणला कंपनीत आहे तो. शिफ्ट सुटली की चौघांबरोबर 'बसायची' सवय. सोडली स्वतःहून, पण एकट्याला जड जात होतं. म्हणून मी दारू सोडणाऱ्यांचा एक गट शोधून काढला. आम्ही राहतो पुनावळ्यात, म्हणून गट मुद्दाम लांबचा, निगडीचा. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "मंदिरामागचा हॉल, रविवारी दहाला. घरच्यांना घेऊन या. इथं कोणी कोणाचं नाव विचारत नाही."

रविवारी हॉलपर्यंत आलो आणि प्रशांत गाडीवरून उतरेचना. "तू आधी बघून ये, माणसं कशी आहेत. मग मी ठरवतो."

हा 'ठरवतो' म्हणाला की समजायचं, बेत रद्द. आज माघारी फिरला असता तर पुन्हा आला नसता, एवढं सहा वर्षांच्या संसारात कळतं हो!

चार वर्षांच्या ओवीला कडेवर घेतलं आणि शिरले आत.

सतरंजीवर पंधरा-वीस पुरुष, दोन रांगा समोरासमोर. इस्त्रीचे शर्ट, गंभीर चेहरे, कोणी कोणाकडे धड बघत नाही. मला भरूनच आलं. बिचारे! किती अवघडलेत!

"या ताई, बसा, बसा," दोन्ही रांगांतून एकदम. एकानं खुर्ची दिली, दुसऱ्यानं पोह्यांची बशी. ओवीच्या हातात बिस्किटं. आणि खरंच, नाव कोणी विचारलं नाही! शेजारी एक तरुण मान खाली घालून घाम पुसत होता. हा अगदी नवा असणार. मी त्याला हळूच म्हटलं, "घाबरू नका, होईल सगळं नीट."

"थँक्यू वहिनी," तो म्हणाला.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं! एम.कॉम. आहे मी.

मग पलीकडचे टोपीवाले आजोबा म्हणाले, "तर मंडळी, ज्याला जे सांगायचं ते आत्ताच मोकळेपणानं सांगा. मागनं कुरबूर नको."

मी उठले. म्हटलं, आपल्यापासून सुरुवात होऊ दे. "माझे मिस्टर रोज दारू प्यायचे. पण आता एकवीस दिवस झाले, थेंब नाही."

आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिले.

आजोबांनी समोरच्या रांगेकडं पाहिलं. "पाव्हणं, तुमचा थोरला पितो, हे तुमी बोलला न्हाई!"

एकजण ताडकन उठला. "अहो, थोरला मी! माझी बायको आत मुलीपाशी बसलीय! ह्या बाई तुमच्याकडच्या ना?"

"आमच्याकडच्या? न्हाई ब्वा! आमाला वाटलं तुमची भावजय!"

"आम्हाला वाटलं तुमची लेक!"

तेव्हा कुठे मला भिंतीकडेची नारळ-साडीची ताटं दिसली. लग्नाची बैठक! आणि तो घाम पुसणारा म्हणजे नवरामुलगा! आणि बैठकीत पलीकडच्या बाईला 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची कोणाची टाप आहे? मानपानावरून लग्न मोडायचं!

बशी खुर्चीवर ठेवली, ओवीला उचललं आणि पळाले. मागून एक गृहस्थ माझ्या चपला घेऊन धावत आले. नवरीचे मामा.

"ताई, तुम्हाला पाहिजे ती मीटिंग वरच्या मजल्यावर," ते अगदी हळू बोलले. "मी पण तिथलाच. आज भाचीची बैठक म्हणून खाली. जावा तुम्ही, इथलं मी निस्तरतो."

बाहेर येऊन प्रशांतला सगळं सांगितलं. त्यानं हँडलवर डोकं टेकवलं. खांदे हलायला लागले. संपलं! मी रडवलं याला! तर हा पठ्ठ्या हसत होता. किती महिन्यांनी!

"अख्ख्या सोयरिकीपुढं तू माझी दारू काढलीस? पोहे खात?"

"हो."

"मग आता वर जाऊन लपवायचं तरी काय! चल."

वरती दहा-बारा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. पोहे नाहीत, हे मी आधी तपासलं. प्रशांत उठला. दोनदा अडखळला, पण बोलला. टाळ्या पडल्या. थोड्या वेळानं मामा पेढे घेऊन वर आले. "जमलं!" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"घरच्यांपैकी कोणाला बोलायचंय?" फोनवाल्या गृहस्थांनी विचारलं.

मी पेढा तोंडात कोंबला. एका दिवसाला एक भाषण पुरे! तर ओवी खुर्चीवर उभी राहिली.

"माझी आई ना, बाबा झोपले की त्यांच्या तोंडाचा वास घेते. रोज."

सगळ्या माना माझ्याकडे. त्या दिवसात दुसऱ्यांदा! प्रशांत एकाएकी छताचा पंखा निरखायला लागला.

"पण बाबा झोपलेले नसतातच," ओवी म्हणाली. "ते मला डोळा मारतात."