आईच्या हातचा स्वेटर

शाळेत तिला सगळे काचबाई म्हणत. परीक्षानळी फुटली की शेवटचा तुकडा सापडेपर्यंत ती कुणाला जागचं हलू देत नसे, म्हणून हे नाव पडलं. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चोवीस वर्षं काढली, पण ना नाव बदललं ना पद. घरी तिला आई होती, कंबरेचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं पलंगावर पडलेली. आणि एक धाकटा भाऊ, तीन तासांच्या अंतरावर बायकोमुलीसह राहणारा. आईला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं काचबाईनं केलं. दुपारी तेवढी सोबतीला एक बाई यायची. धाकटा दोन महिन्यांतून एकदा येई, आईच्या उशाशी तासभर बसे, आणि तो गेला की आई पुढचे दोन दिवस त्याचंच पुराण लावी. किती वाळलाय, किती दमतो, त्याच्याकडे बघायला कोणी नाही.

आईचे पाय गेले तरी हात शाबूत होते. पडल्या पडल्या ती विणत असे. लेकीला मात्र तिनं कधी विणायला शिकवलं नाही. म्हणायची, "तुझा हात घट्ट. तुझ्या टाक्यात सुईसुद्धा शिरायची नाही." काचबाई बघून बघून शिकली. मोजे, टोप्या विणून शेजारीपाजारी देऊन टाकी. आईला दाखवायच्या फंदात ती पडली नाही.

शाळेचं पहिलं सत्र संपता संपता आई गेली. हिवाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी धाकट्याचा फोन आला.

"ताई, आईनं माझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर अर्धाच राहिला ना गं?"

"पाठ झालीय, पुढचा भाग झालाय. बाह्या राहिल्यात."

"तू करशील पूर्ण? तिच्या हातची शेवटची वस्तू आहे. आणि हिची शाल, छोटीची टोपी, तेही त्याच पिशवीत असेल बघ. तुला पंधरा दिवस सुट्टी आहेच."

सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या वाट्याला अशी सुट्टी येत होती, जिच्यात कुणाला कूस बदलून द्यायची नव्हती. तिनं ठरवलं होतं, दोन दिवस नुसतं झोपायचं, मग खिडक्यांना रंग द्यायचा. पण "शेवटची वस्तू" म्हटल्यावर काय बोलणार? ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून ती बसली. पहिली बाही वीतभर झाल्यावर तिनं ती पाठीशेजारी ठेवून पाहिली. आईचे टाके मऊ, सैल होते आणि हिचे शिस्तीत उभे. कुणीही सांगितलं असतं, हे दोन वेगळे हात आहेत. तिनं वीतभर विणलेलं उसवलं आणि पुन्हा टाके घातले. या वेळी सुई धरताना आई धरायची तशी धरली, कोपर मांडीवर टेकवलं, खांदे सोडले. चार ओळी बिघडल्या, पाचवी जमली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाही आणि पाठ शेजारी ठेवल्यावर तिचं तिलाच ओळखता येईना. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की उठून तिनं चहा केला आणि कप हातात घेऊन नुसती त्या मरून रंगाच्या लोकरीकडे बघत बसली.

पण धाकटा अंगानं भरलेला, बाह्या लांब. लोकर पुरणार नाही हे पाचव्या दिवशी स्पष्ट दिसलं. उरलेला गुंडा घेऊन ती बाजारातल्या लोकरवाल्याकडे गेली. त्यानं धागा उजेडात धरला, चिमटीत ओढून सोडला.

"हा रंग यायचा बंद झाला, बाई. कैक वर्षं झाली. आणि ही लोकर नवी नाहीच."

"नवी कशी नाही? माझ्या भावानं आणून दिलेली आहे."

"कुणी का आणून देईना. उसवलेली आहे. धुऊन, ताणून वाळवलीय, पण धाग्याचे वळसे बघा, जात नाहीत. कुणाच्या तरी अंगातली आहे ही."

तिनं काळी लोकर घेतली, मनगटाच्या पट्ट्यांपुरती. घरी आल्यावर मरून गुंडा टेबलावर ठेवून सबंध उलगडला. आतल्या वळशांत एक गाठ होती, आणि गाठीत बोटभर चॉकलेटी धागा अडकलेला. ती दुहेरी गाठ तिची स्वतःची होती.

नोकरी लागली तेव्हा आईनं तिला एक मरून स्वेटर विणून दिला होता. आयुष्यात तिच्यासाठी विणलेला तेवढाच. पहिल्याच वर्षी आम्लाचा थेंब उडून त्याचं कोपर जळलं, आणि जुळता रंग मिळेना म्हणून तिनं चॉकलेटी धाग्यानं ते रफू केलं. त्यानंतर तो प्रयोगशाळेत कधी नेला नाही, जपून ठेवला. तीन वर्षांपूर्वी कपाटात दिसला नाही तेव्हा आई म्हणाली होती, "कसर लागली होती त्याला. दुपारच्या बाईला टाकून द्यायला सांगितला." आणि महिन्याभरानं आईच्या मांडीवर मरून लोकर दिसली, तेव्हा म्हणाली, "धाकट्यानं आणलीय."

काचबाईला रडू आलं नाही. राग आला, आणि ज्याच्यावर काढायचा ते माणूस उरलं नव्हतं. तिनं बाहीतली सुई उपसली आणि धागा खसकन ओढला. चार ओळी सरसर सुटल्या. मग हात थांबला. तो स्वेटर उसवून तिच्या पदरात पडणार काय होतं? वळसेवाली लोकर. तिनं एकेक करून टाके पुन्हा सुईवर घेतले. शाल आणि टोपीला मात्र हात लावला नाही.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी धाकटा आणि भावजय आले. त्यानं स्वेटर तिथल्या तिथे अंगात घातला. अगदी मापात बसला. दोन्ही बाह्यांवरून त्यानं हात फिरवला, त्याचे डोळे भरून आले.

"आईचा हात तो आईचाच. असे टाके कुणाला जमायचे नाहीत."

"बाह्या मी विणल्यात," काचबाई म्हणाली.

"अहो, जोडल्यात ताईंनी, ते म्हणतायत त्या," भावजयीनं समजूत घातली.

"जोडल्या नाहीत. विणल्यात. आणि लोकर माझ्या स्वेटरची आहे."

"ते माहितीय की मला," धाकटा सहज म्हणाला. "आईनं सांगितलं होतं. ताईनं आपण होऊन उसवून दिला, म्हणाली. तुला तो नकोच होता ना?"

म्हणजे इथेही आई तिच्या नावानं बोलून गेली होती. "मी दिला नव्हता. मला सांगितलं, कसर लागली," ती म्हणाली. "मी तीन वर्षं खरं मानत होते."

मग धाकट्यानं स्वेटर काढला, घडी घातली.

"ताई, ती जाऊन तीन महिने झाले नाहीत. जिवंतपणी बोलली असतीस तर ठीक होतं."

"जिवंतपणी मला माहीत नव्हतं."

भावजयीनं विषय बदलायला म्हणून शालीचं विचारलं. काचबाईनं पिशवी आणून तिच्या मांडीवर ठेवली. सुया तशाच खोचलेल्या होत्या.

"ही अर्धीच आहे. मला विणता येत नाही, ताई."

"मला तरी कुणी शिकवलं होतं?"

त्यांनी पिशवी नेली. स्वेटर त्यानं घातला नाही, कपाटात कापराच्या वड्या घालून ठेवला, असं पुढे कळलं. शाळा सुरू झाली. फोन आधी पंधरवड्यानं येई, मग महिन्यानं, मग कामापुरता. एका संध्याकाळी मावशीचा आला. तिच्यापर्यंत गोष्ट पोचली होती, अर्थात भावजयीच्या तोंडून.

"एवढं केलंस आईचं," मावशी म्हणाली, "आणि शेवटी एका स्वेटरसाठी भावाला तोडलंस?"

"हो," काचबाई म्हणाली. "एका स्वेटरसाठीच."

मावशी आणखी काहीतरी सांगत होती. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, तब्येतीची चौकशी केली, आणि फोन ठेवला.