वाकड्या स्क्रूवरचा दात

आमच्या मिरजगावात पंगतीची एक रीत होती. आधी कुणी उठायचं नाही. ओळीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण झालं की सगळे एकदम उठायचे. रीत चांगलीच, कुणी एकटा मागं राहत नाही. पण दरवेळी तो शेवटचा माणूस आपणच निघालो की जीव कानकोंडा होतो.

डाव्या अंगाच्या दाढा माझ्या आधीच गेल्या होत्या. मग उजवीकडच्या खालच्या दोन किडल्या, त्याही काढल्या. पुण्यात नोकरीला असलेला माझा पोरगा म्हणाला, कवळी करू. मी म्हणालो, काढायची-घालायची वस्तू मला तोंडात नको, बसवायचं तर पक्कं बसव. तेव्हा हाडात स्क्रू घालून त्यावर दात करायचं नवंच निघालं होतं. पोरानं पुण्यातल्या एका डॉक्टराकडून ते करून दिलं. स्क्रू पक्के बसले, पण गालाकडं कलते. त्यावरच्या दाढा वरच्या दाढांखाली येईनात. घास चावायला गेलो की मधे गालच सापडायचा. डॉक्टर म्हणाला, होईल सवय. मी म्हणालो, "गाल चावायची कसली सवय?" आणि त्याचा जिना पुन्हा चढलो नाही. पोरगा दोनदा बोलला, मग त्यानंही विषय सोडला.

आमची मंडळी, पोराची आई, आदल्याच साली वारली होती. घरात मी एकटा. दुधात भाकरी कुस्करायची, गिळायची, ताट घासून पालथं घालायचं. बोलायला कुणी नसलं की जेवण फार लवकर उरकतं.

अशात एका लग्नाच्या पंगतीला बसलो. पुऱ्या गार, चिवट. सगळी ओळ जेवून माझ्या पानाकडं बघत बसली. भावकीतला एक जण समोरून म्हणाला, "तात्या, चालू द्या सावकाश. रातचं जेवान बी हितंच हाय न्हवं?" सगळे हसले. मीही हसलो, पान तसंच दुमडलं आणि उठलो. त्यानंतर आवतन आलं की मी सांगायचो, उपास हाय. आधी लोक आग्रह करायचे. मग आवतन देणारा दारातूनच म्हणायला लागला, "तुमचा उपासच असंल, तात्या." आणि एकदा तो माझं दार सोडून सरळ शेजारी गेला. मी ओट्यावरच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी नगरची एस.टी. धरली.

तिथं एक बाई डॉक्टर होती, माझ्या पोरापेक्षा लहान. तिनं फोटो काढून बघितला.

"बाबा, स्क्रू हाडानं घट्ट धरलेत. फक्त वाकडे बसलेत."

"मग सरळ करा."

"सरळ होत नाहीत ते. काढायचे तर हाड कोरावं लागेल, आणि तुमचं हाड तिथं आधीच कमी आहे. पुन्हा दुसरे बसतील असं मी सांगत नाही."

"म्हंजे जल्मभर गालच चावायचा?"

"थांबा हो. स्क्रू राहू दे वाकडा. त्यावर आतल्या बाजूला वाकवलेली खुंटी बसवू, आणि दात त्या खुंटीवर. बघू जमतंय का."

तिनं जुन्या दाढा उतरवल्या, तोंडात मसाला भरून माप घेतलं. खुंट्या बाहेरून करून आल्या. त्यावर आधी प्लॅस्टिकच्या दाढा, नेहमीपेक्षा अरुंद. दातात निळा कागद धरून चावायला लावायची आणि निळा डाग उठेल तिथं घासायची.

"बाई, किती घासता? दात हाय का खुरपं?"

"तुमचा गाल वाचवतेय. तोंड उघडा."

मला असं दरडावणारं बऱ्याच दिवसांत कुणी भेटलं नव्हतं. मी गुमान तोंड उघडलं. ती म्हणाली, "दाढेखाली रोज बारीक ब्रश फिरवावा लागेल. घरी आठवण करून द्यायला कोण आहे?"

"मला आठवनीला मानूस लागत न्हाई," मी म्हणालो.

पक्क्या दाढा बसवल्या त्या दिवशी तिनं घरची भाकरी आणायला सांगितली होती. बाजरीची, माझ्याच हातची, कडेला करपलेली. मी खुर्चीत बसून चावत होतो आणि ती समोर उभी राहून बघत होती. आपण जेवताना कुणी बघतंय, हे मी विसरूनच गेलो होतो.

"गाल सापडला?"

"न्हाई."

गावात आल्यावर आवतन देणाऱ्याला मीच रस्त्यात गाठलं. "माजा उपास सुटला," म्हणालो. तो नुसता बरं म्हणाला.

पुढचं लग्न भावकीतच होतं. मी ओळीच्या मधोमध बसलो. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं चावून खाल्लं. मान वर केली तर शेजारचा अजून भात कालवत होता. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. इतके दिवस मी ओळीत नव्हतो, हेही कुणाच्या ध्यानात नसावं. आता हा भात संपणार, सगळे उठणार, हात धुणार, आणि मी घरी जाऊन कुलूप काढणार.

मी वाढप्याला हाक मारली. "पुरी आन रं. दोन आन."

पोट भरलेलं होतं. समोरचे जेवून बसले. तोच भावकीतला म्हणाला, "तात्या, आटपा की आता."

"बस की जरा," मी म्हणालो, आणि पुरीचा बारका तुकडा मोडला.