कापूरबाई

आमच्या बाईंसमोर कुणी कापूर पेटवला की त्या ताडकन उठून चालू लागायच्या. चामोर्शीत शेजारी आरती सुरू झाली की या आपल्या खिडक्या धाडधाड लावून घेत. शेजारणीला वाटे, बौद्धांची बाई, आरतीचा राग असेल. कशाचं काय! बाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या, आणि जपानने तैवानच्या डोंगरात काय केलं ते वाचल्यापासून त्यांना तो वासच सोसत नव्हता. आम्ही त्यांचं नाव कापूरबाई ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं.

जपानी साम्राज्यवाद पुस्तकात जेमतेम दीड पान. बाई तो महिनाभर शिकवायच्या. जपान म्हणजे बुद्धाचा देश, म्हणून आमच्यातल्या निम्म्या पोरांना त्याचं कोण कौतुक! बाईंनी पहिल्याच तासाला ते कौतुक मोडून काढलं. तैवानात कापराच्या झाडांचं जंगल होतं. जपान्यांना कापूर हवा होता, आणि मध्ये डोंगरातली माणसं राहत होती. मग तारेचं कुंपण घातलं, तारेत वीज सोडली. माणसं तारेला चिकटून मेली. गावं जाळली. पुढे तर एका जमातीच्या लोकांना बक्षीस देऊन दुसऱ्या जमातीची मुंडकी आणायला लावली. "मारणारा डोंगरातला, मरणारा डोंगरातला," बाई म्हणायच्या, "अन् मालक कुठी होता? मालक कापूर पेटीत भरून राह्यला होता."

आमच्याकडे जंगलातल्या गावांची पोरं खांद्यावर कुऱ्हाड टाकूनच कॉलेजात येत. वाटेत अस्वल भेटतं, परतताना सरपण न्यायचं असतं. त्याचं कुणाला नवल नव्हतं. बाईंचा नियम एकच, कुऱ्हाड दाराबाहेर, चपलांजवळ.

त्या वर्षी जंगलातल्या बंदूकवाल्यांनी सोमाच्या थोरल्या भावाला पोलिसांचा खबऱ्या ठरवलं आणि गळा चिरून रस्त्यावर टाकलं. भावाचं नाव त्यांच्याकडे मंगरूच्या घरातून गेलं, अशी गावात कुजबुज झाली. सोमा आणि मंगरू एकाच गावचे गोंड, दोघंही आमच्या वर्गात. भावाची माती करून सोमा परत आला तो कुऱ्हाडीसकट आत शिरला. मंगरू दुसऱ्या बाकावर होता. सोमाने कुऱ्हाड उचलली आणि ही एवढीशी बाई मध्ये घुसली. घाव त्यांच्या उजव्या हातावर बसला. तीन बोटं बाकाखाली पडली, रक्त फळ्यापर्यंत उडालं. बाईंचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"सोमा," त्या म्हणाल्या, "मालक कुठी हाय? या वर्गात हाय का?"

सोमा मटकन खाली बसला.

दवाखान्यात पोलीस आले. बाईंनी सांगितलं, सरपण फोडताना लागलं. आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही, मंगरूनेही नाही. मंगरू पुढे भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीत कामाला लागला, पोराबाळांचा झाला. सोमाला बाईंनी निरोप धाडून वर्गात परत बोलावलं आणि कुऱ्हाड बाहेर ठेवली का, एवढंच विचारलं. नंतर त्या डाव्या हाताने लिहू लागल्या. अक्षर भयंकर. मला अजूनही त्या बाईचा राग येतो, असं जिवावर कोण उदार होतं? आणि मग रडू येतं.

परवा बाई गेल्या. वैनगंगेच्या काठी सरण रचलं, वंदना झाली. लाकूड ओलं, काही केल्या पेटेना. कुण्या भल्या माणसाने कापराच्या वड्या आणून सरणात टाकल्या आणि काडी लावली. वास सुटला तसा गर्दीतून सोमा पुढे घुसला. जळत्या वड्या त्याने नुसत्या हातांनी बाहेर ओढल्या. बोटं भाजली. लोक त्याला मागे खेचू लागले.

"बाईले सहन होत नाई," तो म्हणाला, आणि सरणाखाली सुक्या काटक्या सारत बसला.