मन्मथप्पांचं ‘नंतर’

उदगीरच्या मन्मथप्पांनी कशालाही कुलूप लावलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि त्यासाठीच मी त्यांच्यावर जन्मभर जळलो.

आम्ही दोघेही मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करून विकणारे. मी लातूरला, ते उदगीरला. माझं तीस दिवस फुकट चालायचं आणि एकतिसाव्या दिवशी बंद पडायचं. त्यांचीही मुदत तीसच दिवसांची. पण ती संपली की पडद्यावर नुसती एक चौकट यायची : ‘मुदत संपली. काम थांबवू नका. जमेल तेव्हा पैसे द्या.’ खाली ‘नंतर’ असं बटण. ते दाबलं की पुन्हा सगळं सुरू, वर्षानुवर्षं. तरी या माणसाकडे चार जण कामाला आणि मी एकटा! माझं सॉफ्टवेअर त्यांच्यापेक्षा सरस होतं, हे मी आजही सांगेन.

एकदा न राहवून विचारलं, “आप्पा, फुकट वाटून तुमचं भागतं कसं?”

कपाळावरची विभूती सावरत ते म्हणाले, “मालक, शिकणारी पोरं कुठून पैसे देणार? ती माझ्या सॉफ्टवेअरवर हात बसवतेत. उद्या बँकेत, कारखान्यात चिकटली की साहेबाला म्हणतेत, मला हेच पाहिजे. साहेबाला तपासणीत पावती दाखवावी लागतीय, म्हणून तो पैसे भरतोय. मोजकेच देतेत, पण मला तेवढे लई झाले. तुम्ही न देणाऱ्यांच्या मागं पळत बसलात.”

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याच्या टाक्यांनाही कुलपं होती. माझ्याही टाकीला होतं. एका ग्रामसेवकाचा फोन आला : टँकरच्या मागणीचा अर्ज अर्धा झालाय आणि तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. मी त्याला नियम ऐकवला. अर्ज त्याच दिवशी गेला, आप्पांच्या सॉफ्टवेअरवरून.

तेव्हाच उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली. तयारी म्हणून तिथल्या एका कचेरीने दरपत्रकं मागवली. ते काम मिळालं नाही तर मला दुकान बंद करावं लागणार होतं. नेमकी त्याच आठवड्यात वीज कमीजास्त झाली आणि माझं सॉफ्टवेअर उघडणारी, संगणकाला लावायची बोटभर किल्ली जळाली. माझ्याच कुलपाने मला बाहेर ठेवलं. घाईत दरपत्रक टाईप केलं ते आप्पांच्या सॉफ्टवेअरवर. ते माझ्याकडे ‘अभ्यासासाठी’ होतं.

कचेरीतल्या बाईंनी ते संगणकावर उघडलं आणि त्या हसायलाच लागल्या. “सर, हे तर आप्पांच्या अक्षरात हाय की!”

शेजारच्या खुर्चीवर आप्पाच बसले होते. आता हा माणूस चारचौघांत माझी लाज काढणार, या भीतीने मी मान खाली घातली.

“मग काय झालं बाई?” आप्पा म्हणाले. “हलवाई रोज आपलाच पेढा खातो व्हय?”

काम त्यांनाच मिळालं. जिल्हा काही झाला नाही. माझं दुकान मात्र बंद झालं. त्यांनी कचेरीत माझी लाज राखली, याचाच मला जास्त राग आला.

परवा आप्पा गेले. मठाशेजारच्या जमिनीत त्यांना समाधी दिली. श्रद्धांजलीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. टाईप करायला बसलो आणि चौकट आली : ‘काम थांबवू नका.’ पैसे भरले असते तर ती पुन्हा दिसली नसती. माझं सॉफ्टवेअर आज एकाही संगणकावर नाही, माझ्यासुद्धा.

मी ‘नंतर’ दाबलं आणि त्यांचं नाव लिहिलं.