पाळण्याला कोणता कंप्रेसर

माझ्या आवाजाला कंप्रेसर लागतो हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. कोरेगावातल्या आमच्या गल्लीला मात्र ते माझ्या लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. बारसं असलं की पाळणा म्हणायला नव्या सुनेला बोलवायचे. मी तोंड उघडलं की पुढच्या बायका मागं सरकायच्या. मला वाटायचं, मान देतायत. बाळ दचकून रडायला लागलं की वाटायचं, गाणं थेट त्याच्या काळजाला भिडलं. एवढी खुळी बाई त्या गल्लीनं आधी पाहिली नसावी.

मालक फौजेत होते. एका सुट्टीत पलटणीतल्या दोस्ताची जुनी गिटार घेऊन आले. मी म्हणाले, "आवं, मी पिंप आणायला सांगितलं हुतं." ते हसले आणि वाजवायला बसले. मी गायला लागले की गिटार ऐकूच यायची नाही. मग ते हात आडवा धरून सावकाश खाली आणायचे. हळू म्हण, असं सांगत होते बिचारे. मी समजायची, ताल देतायत, आणि आणखी जोर लावायची.

निवृत्तीनंतर त्यांनी मला गिटार शिकवली. मोजून चार-पाच कॉर्ड, पण पाळण्याला तेवढ्या पुरतात. ते जाऊन आता तिसरं वर्ष.

नात सांगलीत रेकॉर्डिंगची खोली चालवते. दिवाळीला आली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आणि एक माइक माझ्याकडे ठेवून गेली. "आजी, तुझा पाळणा गिटारसकट पाठव. नुसता साधा रेकॉर्ड कर, बाकीचं मी बघते." म्हणजे भाजी मी शिजवायची आणि मीठ हिनं घालायचं. ते मला जमणार नव्हतं.

तिची आई, म्हणजे माझी लेक, हिचं वेगळंच. सांगलीच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी एक खोली तिनं कधीची लावून ठेवली आहे. तिची अट एकच. "तू धड आहेस तोवर राहा तिथं. काही वेगळं दिसलं की तुला विचारणार नाही, गाडी घेऊन येईन." तेव्हापासून मी फोनवर फार धड असते.

तर कंप्रेसर. लॅपटॉपातल्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये असे दोन होते. काम दोघांचंही एकच, दूध उतू जायला लागलं की आवरायचं. आवाज ठरवलेल्या रेषेवर चढला की हा त्याला दाबतो. मग दाबून बसकं झालेलं गाणं तुम्ही सगळंच्या सगळं वर उचलायचं, म्हणजे हळू म्हटलेलंही ऐकू येतं. एक कंप्रेसर तापट, दूध हललं की गॅस बंद करणारा. दुसऱ्याच्या चित्रात वजनकाट्यासारखा काटा हलतो, म्हणून तो काट्याचा, सावकाश फुंकर मारणारा.

पाळण्यावर आधी तापट लावला. शब्दांची डोकीच उडाली, तोंडात पदर कोंबून गातेय असं वाटलं. काट्याचा लावला तर पहिली हाक त्याच्या हाताखालून निसटायची आणि मी पुन्हा बारशातली सून. शेवटी आवाजाला तापट अगदी थोडा, त्याच्यामागं काट्याचा. गिटारीला नुसता काट्याचा, कारण तारेवर बोट पडल्याचा आवाज तो येऊ देतो आणि मगच आवरतो. जमलं म्हणायचं. मग सगळं वर उचललं आणि हेडफोन लावून ऐकायला बसले.

पहिल्यांदा माझा श्वास ऐकू आला. मग बांगडी. मग, गाणं सुरू व्हायच्या आधी, अगदी हळू, माझाच आवाज. "आवं, लावू का?"

त्यानंतर थोडं थांबलेलं. समोरच्यानं उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच. त्यात काही नव्हतं, नुसतं घर होतं. मग मी म्हणते, "बरं." आणि गिटार सुरू.

मी असं बोलते हे मला माहीत नव्हतं. आधीची रेकॉर्डिंग काढून वर उचलून पाहिली. सगळ्यांत होतं.

सुरुवातीचं कापता आलं असतं. पण मधे, तार घुमत असतानाच, "हे कडवं हळू, व्हय ना?" असंही होतं. ते कापलं तर गिटारही तुटत होती. कंप्रेसर कमी केला तर माझं बोलणं गडप व्हायचं, पण बाळ झोपतं ती शेवटची ओळही त्याच्याबरोबर बुडायची. ती मी आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हटली होती. साधं रेकॉर्डिंग पाठवावं तर नातही ते असंच वर उचलणार, आणि ते तिच्या आईच्या कानावर जाणार. ओठ घट्ट मिटून पुन्हा म्हणून पाहिलं. विचारल्याशिवाय हात तारेवर पडेचना.

दोन दिवस तसंच ठेवलं. मग त्या शेवटच्या ओळीसाठी आहे तसं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, तो नातीचा नव्हे, लेकीचा.

"आई, घरी कुणी आलं होतं का?"

"न्हाई."

"मग आवं कुणाला?"

"माइकला. महागाचा हाय, त्याला अरे-तुरे कसं करू?"

ती हसली नाही. माझ्या तोंडून 'आवं' कुणाला जायचं हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. आता ही गाडी काढणार म्हणून मी मनात माझी उत्तरं रांगेत उभी केली. उसाचं पाणी माझ्याशिवाय कोण बघणार, लिफ्टमध्ये मला गरगरतं, तुमच्याकडचा चहा पांचट.

मग तिनं विचारलं, "काय म्हणतात बाबा?"

"हळू म्हण म्हणतात."

"म्हटलंस की हळू." तिनं नाक ओढलं. "पोरगी म्हणते, ते काढायचं नाही. तसंच ठेवणार आहे. आम्ही रविवारी येतो जेवायला, फार काही करत बसू नकोस."

फोन ठेवला. गाडीचं, खोलीचं तिनं अक्षर काढलं नाही. घर राहिलं माझ्याकडे. मी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली, चहा टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. एकदा चल म्हणायला काय हरकत होती तिला. मी नाहीच म्हटलं असतं.