टॉवेल पांघरलेला डबा

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून ती बोलतही नाही. आमच्या घरात कानडी, गावात मराठी. तिच्या वाट्याला दोन्ही आल्या नाहीत. लहानपणी आम्ही दोघींनी मिळून हातांची एक भाषा केली. आईला ती समजायची. आई गेल्यावर ती भाषा जाणणाऱ्या आम्ही दोघीच उरलो. बहीण वळसंगला भावाकडे असते. मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात चहापाणी आणि झाडपूस करते.

दुपारी भाऊ जेवायला घरी आला की त्याचा मोठा फोन वहिनी बहिणीसमोर धरते. माझ्याकडे अकाउंटच्या ताईंनी दिलेला त्यांचा जुना फोन आहे. त्यात सिमकार्ड नाही, तो ऑफिसच्या वायफायवर तेवढा चालतो. सुट्टीत मी चहाच्या खोलीचं दार लोटून घेते आणि फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा करते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मग आम्ही बोलतो. म्हशीनं लाथ मारली, वहिनीनं भाकरी करपवली, इकडे नव्या रंगाचा टॉवेल निघाला. बाहेरच्यांना वाटत असेल, मावशी आत भांडी घासतात. मी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं असं काही नव्हतं, पण विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

एके सकाळी ऑफिसातले कॉम्प्युटर सुरू केले तर एकही बिल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आणि खाली पैशाची मागणी. ताई रडकुंडीला आल्या. वेगळ्या ठेवलेल्या कॉपीवरून बरंचसं परत मिळालं, पण मालकांनी धसका घेतला. "आता फायरवॉल बसवायची," म्हणाले. मला फायर म्हणजे भिंतीवरचं लाल सिलिंडर एवढंच माहीत. मी ताईंना हळूच विचारलं, "मग शेगडी हलवायची का?"

ताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "ही आग वेगळी हो मावशी. हा इंटरनेटच्या दारातला वॉचमन. आत कोण येतंय, बाहेर काय जातंय, ते बघणार."

मालक म्हणाले, "सूत घेताना आपण एकच नमुना बघून घेतो का? दोन डबे आणा. दोन्ही वापरू, मग ठरवू."

पहिला डबा पुण्याच्या कंपनीचा आला. आणणारे साहेब इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी तो काळा डबा भिंतीवरच्या जाळीच्या कपाटात बसवला आणि मालकांना समजावून सांगू लागले. येणारी प्रत्येक गोष्ट हा उघडून तपासतो, तरी वेग कमी होत नाही. दरवर्षी लायसन नवं करावं लागतं. नाही केलं तर डबा चालू राहतो, पण नवे चोर ओळखत नाही.

"म्हणजे पगार थांबवला तर वॉचमन खुर्चीत बसून राहणार, पण डोळे मिटून," मालक म्हणाले.

"तसंच समजा. आणि व्हिडिओ, गाणी, खेळ सगळं बंद केलंय. ऑफिसात कशाला पाहिजे?"

मी त्यांच्यापुढे चहा ठेवत होते. त्यांनी काय बंद केलं ते मला दुपारी कळलं. बरणीला टेकवलेल्या फोनवर एक गोल नुसता फिरत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी माझ्या बटणांच्या फोनवरून वहिनीला फोन लावला.

"वन्सं, ती ताटावर बसंना झालीय," वहिनी म्हणाली. "फोन पुढ्यात घेती अन् बघत बसती. मला हात करून कायतरी विचारती, मला काय कळतंय त्यातलं? तुमी येवून जावा की."

रविवारी एसटीनं गेले. बहिणीनं माझा चेहरा, दंड, पाठ सगळं चाचपून बघितलं. आई दवाखान्यात गेली ती अशीच आधी दिसायची बंद झाली होती. तेव्हापासून बहिणीच्या लेखी दिसायचं बंद झालं म्हणजे माणूस गेलं. स्टँडवर तिनं माझा पदर सोडला नाही, वहिनीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. मी हातानं सांगितलं, उद्या दिसेन. आणि सोमवारी पुन्हा तो गोल.

मग दुसरा डबा आला. हा शहरातल्याच एका दुकानाचा. घेऊन येणारा माणूस इकडच्याच बोलीचा, पाठीवर पिशवी, मोटरसायकलवर आलेला. कपाटात पहिला डबा होता म्हणून याचा पांढरा डबा टेबलावर ठेवला. पहिल्याची वायर काढून तो माणूस हा जोडून देऊन गेला आणि मालकांनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि डब्यावर कारखान्यातला नवा टॉवेल घातला. आमच्या ऑफिसात ही रीतच आहे. प्रिंटरवर टॉवेल, पाण्याच्या मशीनवर टॉवेल. मालक म्हणतात, आपल्या मालाचा टॉवेल पडल्याशिवाय वस्तू घरची होत नाही. रोज सकाळी धूळ पुसली की मी तो टॉवेल झटकून परत घालत होते आणि कोपरे नीट आत खोचत होते.

या डब्यावर माझा फोन लागला. बहिणीनं आधी तोंड फिरवलं, मग दोन्ही हातांनी मला झोडपलं. कुठं मेली होतीस, असं. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. तेवढ्यात तिचा एक हात वर राहिला आणि चित्र तसंच थिजलं. बाहेरून ताईंचा आवाज आला, "अहो, बँकेचं पान अडकलं!"

मग रोजच तसं व्हायला लागलं. सकाळी डबा चांगला चालायचा, दुपारी बंद. थोडा वेळ बटण बंद करून ठेवलं की पुन्हा सुरू. ताई म्हणाल्या, "याच्यावर कुणी काय वापरलं ते लगेच वाचता येतं आणि माणूस हाकेवर आहे. पण रोजचं हे असं असेल तर काय उपयोग?"

"हा दुपारी झोपणारा वॉचमन आहे," मालक म्हणाले. "पुण्याचाच घ्या. याला डबा न्यायला बोलवा."

मी कपबशा विसळत ते ऐकलं. इतके दिवस मी मनात त्या पांढऱ्या डब्याला निवडून यायला सांगत होते. येताजाता त्याच्याकडे बघत होते. तो राहिला असता तर मला कुणापुढे तोंड उघडावं लागलं नसतं.

तो माणूस आला तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच होते. त्यानं डब्याकडे बघितलं. टॉवेलचं एक टोक उचललं, आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"मालक, ह्याला थंडी वाजती व्हय?"

"का रे?"

"ह्याला बाजूनं भोकं हायती. तितनं वारा घेतंय ते. तुमी त्याला दुलईत गुंडाळला की! आपल्या सोलापूरच्या उन्हात माझ्या डोक्यावर टॉवेल टाका अन् बिलं करायला बसवा, मी बी दुपारी झोपतो."

मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आमचा टॉवेल किती जाड आहे, ते तरी मान्य कर!"

"मान्य की. लई दाट विणलाय. डब्याचा जीव घ्यायला लागला व्हता."

सगळे हसत होते. कोपरे खोचणारी मी. माझे कान गरम झाले, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

हसणं थांबल्यावर मालकांनी त्याला नीट विचारलं, आता दोघांत फरक काय उरला. त्यानं उगाच पुण्याच्या डब्याला नावं ठेवली नाहीत. तो मोठा आहे, म्हणाला, माणसं पुष्कळ असतील तर तोच घ्या. तुमच्या ऑफिसला हा पुरतो, आणि बिघडला तर मी गाडीला किक मारून येतो. "बाकी बंद-चालू दोन्हीत सारखंच हाय. त्यांनी बसवतानाच व्हिडिओ बंद केला, मी अजून कायबी बंद केलं न्हाय, ते आज करणार. डबा सोता काय ठरवत न्हाय, मालक. दार कुणासाठी उघडायचं, ते तुमी सांगायचं."

ट्रे हातात धरून मी ते ऐकलं. मी दोन डब्यांत चांगला-वाईट करत बसले होते. काळा माझ्या बहिणीचा वैरी, पांढरा कैवारी. आणि त्या दोघांना आमचं काहीच ठाऊक नव्हतं. डबा कुठलाही राहिला तरी तोंड मलाच उघडायचं होतं.

"मग हाच राहू दे," मालक म्हणाले. तो माणूस लॅपटॉप उघडून बसला. "हां, कुणाला काय लागतं, बोला."

ताईंनी बँक आणि जीएसटी सांगितलं. माल पाठवणाऱ्या कारकुनांनी ट्रान्सपोर्टचं सांगितलं. मालक म्हणाले, "क्रिकेटची मॅच."

"मालक!" ताई ओरडल्या.

"बरं, फक्त भारताची."

"झालं? बाकीचं बंद करू?" त्यानं बोट उचललं.

मी ट्रे टेबलावर ठेवला. "माझं एक हाय," मी म्हणाले.

सगळे वळले. ऑफिसात माझा एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नसावा. मी ट्रेकडे बघतच सांगितलं, "माझी बहीण हातानं बोलती. दुपारच्या सुट्टीत. दिसल्याशिवाय तिला ऐकू येत न्हाय."

"चहाच्या खोलीत?" मालकांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी चहाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग त्या माणसाला म्हणाले, "सुट्टीपुरतं उघडं ठेव." आणि मला म्हणाले, "हे आधी सांगायचं की हो, मावशी."

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"फोनला नाव काय टाकू?" तो माणूस म्हणाला. "मला वळखू आलं पायजे."

माझं बोट आपोआप हनुवटीवरच्या गोंदणावर गेलं. बहीण मला तिथं बोट लावूनच हाक मारते, तेच माझं नाव. तो बोटाकडे बघत राहिला. शेवटी ताई म्हणाल्या, "मावशी टाका," आणि त्यानं तसं टाकलं.

आता पांढरा डबा टेबलावर उघडाच असतो. टॉवेल त्याच्या शेजारी घडी करून ठेवलाय, घरचा आहे एवढं कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीनं विचारलं, मधे मधे कुठं जात होतीस? फायरवॉलला आमच्या भाषेत शब्द नव्हता. मी दोन्ही तळहात एकमेकांना लावून दार केलं, मग ते थोडंसं उघडलं, आणि ओट्यावरचा टॉवेल डोक्यावर घेऊन त्या दारात बसून दाखवलं. आतबाहेर बघणारं कुणीतरी. ती विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. तिनं तेच दार केलं, स्वतःचा पदर डोक्यावर ओढला, आणि अंगठ्यानं हळूच मागे खूण केली.

फोन भावाच्या हातात देऊन वहिनी मागे उंबऱ्यात उभी होती. डोक्यावर पदर, कमरेवर हात, शेजारीण पीठ मागायला आली होती तिला दारातच अडवून धरलेलं. आम्ही दोघी एवढ्या हसलो की साखरेची बरणी हलली आणि फोन आडवा पडला.